एसटी सोडून पायी

यांनी मला लुना शिकवायचं मनावर घेतलं, तेव्हा मी खुळी आधी खूश झाले. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण गाडीच्या बाबतीत या माणसाचा माझ्यावर काडीचा विश्वास नव्हता. मी मागे बसले तरी "हलू नको, तोल जातोय" म्हणून ओरडा खायचे. भोर डेपोतले जुने एसटी ड्रायव्हर ते. आपल्याशिवाय दुसऱ्या कुणाला धड गाडी चालवता येते, हे त्यांना कधी पटलंच नाही. आणि तोच माणूस एका रविवारी सकाळी लुना पुसून दारात उभी करतो आणि म्हणतो, "चल, आज तुला शिकवतो. नदीकडच्या मैदानात जाऊ."

नव्वदचं दशक संपत आलं होतं. हे निवृत्त होऊन थोडेच दिवस झाले होते. मुलगी सासरी, मुलगा पुण्याला कामाला, घरात आम्ही दोघंच. मी जवळच्या एका गावात शाळेत शिकवायचे आणि रोज एसटीनं जा-ये करायचे. मला वाटलं, घरी बसल्यावर यांना आता माझी दगदग दिसायला लागली. बायकोचं कौतुक करायला निवृत्त व्हावं लागतं, असं मी शाळेत बायकांना सांगितलंसुद्धा.

मैदानात मी पदर खोचला, हँडल घट्ट धरलं, आणि हे मागून कॅरिअर धरून पळायला लागले. "फुडं बघ, फुडं! चाकाकडं काय बघती?" थोडंसं पळाले असतील-नसतील, धापा टाकत दगडावर जाऊन बसले. मला हसू आवरेना. म्हटलं, "एवढी मोठी गाडी घाट चढवून न्यायचात, आणि बायकोच्या लुनामागं दम लागला?" तेही हसले. म्हणाले, "म्हणून तर सांगतो, लवकर शीक."

त्याच आठवड्यात त्यांनी मला फ्यूजची तार कशी बदलायची ते दाखवलं. गॅसची टाकी स्वतः लावायला लावली. पाण्याच्या मोटारवाल्याला घरी बोलावून चहा पाजला आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ह्यांना वळखून ठेव. उद्या काय अडलं-नडलं तर ह्या निरोप धाडतील." मोटारवाला मान डोलावून गेला. मला मात्र ते खटकलं. हा माणूस कधी माझ्यासाठी पाण्याचा तांब्या भरून ठेवणारा नव्हता, मग ही सगळी तयारी कशाची?

पुढच्या रविवारी मी लुनावर बऱ्यापैकी बसले. एक फेरी पूर्ण करून आले तेव्हा हे अगदी समाधानानं म्हणाले, "आता काय काळजी न्हाई. बाजार म्हण, शाळा म्हण, तुझी तू जाशील. कुणाच्या तोंडाकडं बघायला नको."

"आणि तुम्ही कुठं असणार?"

ते नदीकडे वळले. मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, "आमच्यातली माणसं कुठं जात्यात, तुला ठावं न्हाई व्हय?"

मला ठाऊक होतं. यांचं घर वेल्ह्याच्या पुढं, तोरण्याच्या पायथ्याला. माझे सासरे मी या घरात यायच्या आधीच गेले. भातखाचरात चिखलणी करून बांधावर जरा टेकले ते उठलेच नाहीत. थोरले दीर गेले ते मी या घरात आल्यावर. वेल्ह्याच्या बाजारात छाती भरून आली म्हणून एका दुकानाच्या पायरीवर बसले. नसरापूरला न्यायला गाडी मिळेपर्यंत सगळं संपलं होतं. त्या घरातल्या एकाही पुरुषानं साठी बघितली नव्हती, आणि यांची साठी आता फार लांब नव्हती.

आणि मग मला डॉक्टरांकडची ती दुपार आठवली. माझा गुडघा दुखत होता म्हणून आम्ही भोरातच डॉक्टरांकडे गेलो होतो. डॉक्टर यांच्या ओळखीचे. लहानपणी यांच्याच गाडीनं शाळेला जायचे. माझं झाल्यावर ते यांना म्हणाले, "आलाच आहात तर तुमचंही बघू." रक्तदाब बराच जास्त निघाला. रक्त तपासलं, त्यात चरबी वाढलेली. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं, की आज तुम्हाला काही झालेलं नाही, पण वडील आणि भाऊ दोघंही हृदयविकारानं गेले, तुमचं आयुष्य बसून गेलं, त्यात तंबाखू, तेव्हा धोका इतरांपेक्षा जास्त आहे. रोज गोळी घ्या, मीठ-तेल कमी करा, तंबाखू सोडा आणि रोज भरभर चाला. मला तर ऐकून धीर आला होता. बाहेर आल्यावर हे एवढंच म्हणाले, "बघ, डॉक्टर बी त्येच म्हनतोय." तेव्हा मी त्यांच्या बोलण्याकडे लक्ष दिलं नाही. डॉक्टरांनी खबरदारी सांगितली होती आणि यांनी निकाल ऐकला होता. शिक्षा ऐकून घरी आलेला माणूस जसा आवराआवर करतो, तसे ते माझी सोय लावत होते.

मी लुना तिथंच स्टँडवर लावली आणि घराकडे चालू लागले. हे मागून हाका मारत होते, मी वळून पाहिलं नाही. घरी येऊन रडले, भांडी आपटली, पुन्हा रडले. बऱ्याच वेळानं हे लुना ढकलत दारात आले. किल्ली माझ्याच मुठीत राहिली होती. एवढं रडून झाल्यावरही मला हसू आलं, पण मी ते दाबलं.

म्हटलं, "मला लुना शिकायची नाही. मला मागंच बसायचंय. तुम्ही ओरडा, तोल जातोय म्हणा, मी ऐकून घेईन. पण एकटीनं राहायची तालीम मी करणार नाही."

आमच्या पिढीत नवरा-बायको एकमेकांना "तुम्ही मला हवे आहात" असं कुठं म्हणतात? मी त्या दिवशी म्हटलं. त्या वयात, ओट्यापाशी उभी राहून, नाक पुसत म्हटलं. हे इतके अवघडले, की त्यांनी उठून स्वतःच चहा टाकला. मग मला कप देताना म्हणाले, "बरं. काय करायचं ते सांग."

सांगणं सोपं होतं. करवून घेताना माझे हाल झाले. मी आमटीतलं मीठ कमी केलं तर हे लोणच्याची फोड मोठी घ्यायचे. मी बरणी उचलली तर सुकट भाजून मागायचे. "मीठ कुठं खातोय? सुकट खातोय!" हे ऐकून मी कपाळावर हात मारून घ्यायचे. सुकटीत, लोणच्यात, पापडात मीठ असतं हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. पण ताटात डाव्या हाताला वाढतात तेवढंच मीठ, बाकीचं सगळं जेवण, असा आमच्याकडचा सरळ हिशेब. ती डावीकडची चिमूट त्यांनी सोडली होती आणि पथ्य पाळल्याचं पुरतं समाधान मिळवलं होतं.

गोळीचंही तसंच. डोकं जड वाटलं की घ्यायची आणि बरं वाटलं की नाही. "आज झकास वाटतंय, आज कशाला?" मी शेवटी गोळ्यांची पट्टी देवापाशी ठेवली. सकाळी हे देवाला हात जोडल्याशिवाय चहा घेत नसत. उदबत्ती, गोळी, चहा असा क्रम एकदा लागला तो लागला. देवाला काय वाटलं असेल ते असो, पण गोळी चुकायची थांबली.

खरी पंचाईत झाली ती चालण्याची.

पहिल्या दिवशी हे पहाटे उठून भाटघरच्या रस्त्यानं निघाले. मी मोठ्या आनंदानं शाळेचा डबा करत बसले. बऱ्याच उशिरा परत आले. अंगावर घामाचा थेंब नाही, केस नीट बसलेले. म्हणाले, "कापूरहोळपर्यंत जाऊन आलो." कापूरहोळ! मी गार पडले. एवढं चालू नका एकदम, म्हणून काळजीनं सांगायला गेले, तर हे इकडे-तिकडे बघायला लागले. मग खरं काय ते बाहेर आलं. गावाबाहेर पडले न पडले तोच मागून एसटी आली आणि करकचून ब्रेक लागला. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "दादा, चालत का? बसा की!" गाडी भरलेली, सगळे प्रवासी डोकी काढून बघतायत, कंडक्टरनं दार उघडून धरलेलं. हे चढले. कापूरहोळला चहा झाला, भजी झाली, आणि परतीच्या गाडीनं साहेब भोरला उतरले.

"न्हाई कसं म्हनायचं? त्यानं भरली गाडी थांबवली माझ्यासाठी."

यात त्यांचीच करणी होती. वेल्ह्याच्या रस्त्यावर यांनी आयुष्यात पायी चालणारं माणूस मागं सोडलं नाही. थांबा असो नसो, डोक्यावर गाठोडं घेतलेली म्हातारी दिसली की गाडी उभी. कंडक्टर कुरकुरायचे, साहेबांची बोलणी बसायची, पण ही खोड गेली नाही. डेपोतली नवी पोरं यांच्याच हाताखाली तयार झालेली. त्यांनीही तीच खोड उचलली. आता तीच पोरं आपल्या दादांना रस्त्यानं चालताना बघून पुढे जाणार? शक्यच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हे महाडच्या रस्त्याला गेले, तिकडे महाडची गाडी थांबली. नदीच्या कडेनं गेले तर दूधवाल्याचा टेम्पो. गाडी नसली तर माणसं. आमच्याकडे चालणाऱ्याला "कुठं निघाला?" असं विचारायची रीतच आहे, आणि त्याला काहीतरी उत्तर लागतं. "कुठं न्हाई, उगंच" असं म्हटलं की समोरचा थांबतो, जवळ येतो, खांद्यावर हात ठेवतो. "का वो, घरात काय झालं का?" धडधाकट माणूस सकाळी-सकाळी कामाशिवाय चालतोय म्हणजे एक तर घरात भांडण किंवा डोक्यावर परिणाम. यांनी मग रिकामी पिशवी हातात धरायला सुरुवात केली, म्हणजे काहीतरी आणायला निघालोय असं वाटावं. तर लोक ओट्यावरून हाका मारायला लागले, "बाजारला का? या, चहा घेऊन जा." एका फेरीत इतक्या घरी साखरेचा चहा व्हायचा, की मला वाटायला लागलं, हा माणूस घरात झोपून राहिला असता तर जास्त बरं झालं असतं.

मी सुट्टीच्या दिवशी बरोबर जाऊन पाहिलं. तो आणखी वेगळा तमाशा. जोडीनं फिरायला निघालो म्हणून हे इतके लाजले, की माझ्या बरेच पुढे चालायला लागले, आणि मी मागून धावत. बघणाऱ्याला वाटावं, बाई नवऱ्याला पकडायला निघाली आहे. शेजारीण दारातून म्हणालीच, "आता गं बाई, नवं लगीन झालंय जणू!" दुसऱ्या दिवशी हे चालायला उठलेच नाहीत.

मी हरले होते. आणि हे आतून परत तसेच व्हायला लागले होते. मी स्वयंपाकघरात असताना एकदा येऊन म्हणाले, "केलं की तुझ्यासाठी. न्हाई व्हत माझ्याच्यानं. आपलं जे आसंल ते आसंल." ते हे इतक्या मायेनं म्हणाले, की मला भांडताही येईना.

अशात एका संध्याकाळी यांचे कंडक्टर घरी आले. आमच्या भोरातल्याच एका मुसलमान घरातले, यांच्याआधी वर्षभर निवृत्त झालेले. दोघांनी वेल्ह्याची मुक्कामाची गाडी वर्षानुवर्षं बरोबर केली होती. एकाच्या डब्यातलं दुसऱ्यानं खाल्लं होतं. हे त्यांना "मास्तर" म्हणायचे. घरात खरी मास्तरीण मी, पण मला हा मान कधी मिळाला नाही. माणूस आयुष्यभर गाडीत पुढून मागे, मागून पुढे चालून काठीसारखा सडपातळ राहिला होता. हे दुकानात गेले होते, तेवढ्यात मी मास्तरांना सगळं सांगून टाकलं. लुनाचंसुद्धा.

मास्तरांनी बिनसाखरेचा चहा मागितला आणि तो तोंड वाकडं न करता प्यायले. मग म्हणाले, "वहिनी, ह्यांना बायकोचं ऐकायची सवय न्हाई. घंटीचं ऐकायची हाय. उद्या बघा."

एसटीतली ती घंटी ज्यांनी ऐकली आहे, त्यांना माहीत असेल. कंडक्टर दोरी ओढतो. एक टोल दिला की गाडी थांबवायची, दोन दिले की सोडायची. हे त्या बाबतीत फार कडक. आरशात सगळं मोकळं दिसलं, तरी दोन टोल पडल्याशिवाय गाडी हलवायचे नाहीत आणि दोन टोल पडले की क्षणभर थांबायचे नाहीत. गाडी माझी, पण हुकूम मास्तरांचा, असं म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी उजाडता-उजाडता आमच्या लोखंडी फाटकावर किल्लीचे दोन टोले पडले. टण् टण्. हे अंथरुणात होते. डोळे उघडायच्या आधी त्यांचा उजवा पाय हलला! मी डोळ्यांनी पाहिलं. मग उठून बसले, कावरेबावरे होऊन माझ्याकडे बघितलं, आणि बाहेरून मास्तरांचा ड्यूटीवरचा आवाज आला, "चला, टायम झाला!" हे चपला घालून बाहेर पडलेसुद्धा.

पुढचं मला त्या दोघांनी आल्यावर सांगितलं, दोघांनी एकाच वेळी, एकमेकांचं वाक्य तोडत. भाटघरच्या रस्त्याला नेहमीसारखी एसटी थांबली. "दादा, बसा." यांनी पाय उचललासुद्धा होता. मास्तर मध्ये उभे राहिले, दाराच्या पत्र्यावर हाताच्या पंजानं दोन सणसणीत थापा मारल्या आणि ओरडले, "जाऊ द्या!" ड्रायव्हर कुठलाही असो, पत्र्यावर दोन थापा पडल्या की त्याचा हात आपोआप गिअरवर जातो. गाडी सुटली. तो ड्रायव्हर पुढं गेल्यावर भानावर आला असेल, पण तोवर वळण मागे पडलं होतं. कुणी कुणाला नाही म्हटलं नाही, कुणाचा अपमान झाला नाही, आणि यांना चालण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

हे असं बरेच दिवस चाललं. चहाला हाक आली की मास्तर हात हलवून सांगायचे, "आमच्या गाडीला हितं थांबा न्हाई!" लोक हसायचे आणि सोडून द्यायचे. "कुठं निघाला?" याला दोघांनी मिळून एक उत्तर ठरवलं होतं, "ड्यूटीवर." हळूहळू एसट्या थांबायच्या बंद झाल्या. ड्रायव्हर नुसता हॉर्न देऊन हात करायचे आणि हे असा हात वर करायचे, जणू स्वतःच दुसरी गाडी घेऊन चालले आहेत. माझा जीव थाऱ्यावर आला तो तेव्हा.

तंबाखूनं मात्र आमची परीक्षा घेतली. घाटात डोळा लागू नये म्हणून धरलेली सवय, रस्ता सुटला तरी ती सुटेना. पिशवी मास्तरांच्या खिशात असायची आणि मागितली तरी ते लवकर द्यायचे नाहीत. कधी हे माझ्या चोरून दुसरी पिशवी आणायचे, ती मला उशीखाली सापडायची, मग माझा संताप आणि यांचं लहान मुलासारखं खाली बघणं. दोनदा सोडून पुन्हा धरली. एकदा मी चिडून दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्यांदा सुटली ती सुटली. त्या ईदला मास्तरांच्या घरून आलेला शीरखुर्मा यांच्यासाठी वेगळ्या वाटीत, कमी साखरेचा होता. मास्तरांच्या बायकोनं निरोप धाडला होता, "भावजींना सांगा, गोड कमी हाय, खोबरं बी कमीच हाय, रागावू नका." मला त्या वाटीचं इतकं अप्रूप वाटलं, की मीच अर्धी खाल्ली.

डॉक्टरांनी पुन्हा तपासलं तेव्हा रक्तदाब खाली आला होता. गोळी चालूच ठेवायची, चालणंही, असं बजावून त्यांनी यांच्या पाठीवर थाप मारली. मला वाटलं, आता हे निवांत होतील. पण तसं झालं नाही. साठी जवळ येत गेली तसे हे गप्प होत गेले. चालायला जायचे, सांगेल ते खायचे, पण मन कुठंतरी अडकलेलं असायचं. त्यांची खरी जन्मतारीख त्यांना ठाऊक नव्हती. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजानं लावलेली, थोरल्या भावाचीही तशीच. त्यामुळे भाऊ गेला तेव्हा नक्की केवढा होता आणि आपण त्याच्या वयाला कधी पोचणार, हे त्यांना कळायला मार्ग नव्हता. वेल्ह्याचा घाट त्यांना डोळे मिटून ठाऊक होता, पण हे वळण पुढं आहे की मागं पडलं, ते कुणी सांगावं? मला एकदाच म्हणाले, "दादाच्या वयाच्या म्होरं मी कसा जाणार? थोरला हाय त्यो." मी त्यांचा हात धरला, आणि त्यांनी तो सोडवून घेतला नाही.

पितृपक्षात आम्ही दरवर्षी गावी जातो. त्या घरात थोरल्या दिरांचा म्हाळ माझ्या जाऊबाई घालतात. माझ्यापेक्षा त्या पुष्कळ मोठ्या. या घरात लग्न होऊन आल्या तेव्हा माझे हे अर्ध्या चड्डीत होते, नाक पुसायला वहिनीच लागायची. सासूबाई लवकर गेल्या म्हणून यांना वाढवलं ते त्यांनीच. नवरा गेल्यावरही त्यांनी भात लावला, नाचणी केली, मुलं मोठी केली. कुणापाशी रडल्या नाहीत.

त्या वर्षी आम्ही वेल्ह्याला उतरलो आणि गावापर्यंत चालत गेलो. शेतात भात पोटऱ्यात आलं होतं, तोरण्यावर ढग होते. यांनी वाटेत कुठं बसायचं नाव काढलं नाही. घरी पोचलो तेव्हा जाऊबाई चुलीपाशी होत्या. कावळ्याला घास ठेवला, जेवणावळ झाली, गावातली माणसं उठून गेली. यांच्यासाठी त्यांनी आमटी वेगळ्या पातेल्यात, मीठ कमी घालून केली होती. मी कधीतरी निरोपात सांगितलेलं त्यांनी लक्षात ठेवलं होतं.

जेवण झाल्यावर हे पडवीत जाऊन बसले. उकडत होतं म्हणून टोपी काढून हातात घेतली. गेल्या वर्षभरात यांचे केस चांगलेच पांढरे झाले होते. जाऊबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि दाराच्या चौकटीशी थबकल्या. दोन्ही भावांचा चेहरा एकच, हे सगळं गाव म्हणायचं. त्या यांच्याकडे बघत राहिल्या. हे अवघडून टोपी घालायला लागले.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "जरा तसंच बसा, भावजी."

हे थांबले. जाऊबाई समोर जोत्यावर टेकल्या.

"तुमी आता थोरले झाला. ह्ये ग्येले तवा ह्यांचं वय काय हुतं ते मला ठावं हाय, दुसऱ्या कुणाला न्हाई. तुमी ह्यांच्या म्होरं ग्येला. सरल्या श्रावणातच ग्येला, म्या मनात मोजत हुते."

मी आतल्या दारात उभी होते, हातातलं ताट मी खाली ठेवलं.

"ह्यांचं केस काळंच हुतं," जाऊबाई म्हणाल्या. "म्हातारपणी कसं दिसतील, ते मला कधी बघायला गावलंच न्हाई. आज बघितलं." मग शेतावर जाताना सांगतात तशा सहज म्हणाल्या, "फुडल्या वर्षी बी या. आनखी म्हातारं हून या."

यांनी मान हलवली. टोपी त्यांनी बाजूला ठेवून दिली आणि वहिनींना नीट दिसावं म्हणून जरा उजेडाकडे सरकून बसले.